मुक्कामी गाडीच्या पलीकडचा गोवा

पहिला दिवस, बुधवार

आमचे आप्पा एसटीत वाहक होते. १९७४ साली लागले, २००७ साली निवृत्त झाले. या तेहतीस वर्षांतली सात-आठ वर्षं त्यांनी कोल्हापूर-पणजी मुक्कामी गाडीवर काढली. संध्याकाळी पणजीला पोचायचं, वे-बिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, पुरं करायचं, स्टँडसमोर जेवायचं, गाडीतल्याच मागच्या लांब बाकावर पडायचं आणि दिवस उगवायच्या आत परतीची घंटी द्यायची. आम्हां भावंडांना लहानपणी वाटायचं, आप्पांनी सगळा गोवा पालथा घातलाय. शाळेत तसं छाती फुगवून सांगितलंही होतं.

गेल्या दिवाळीत बोलता बोलता कळलं की पणजीच्या स्टँडपलीकडे त्यांनी काहीच पाहिलेलं नाही. "शेजारच्या फलाटावर मंगेशीची गाडी लागलेली असायची," ते म्हणाले. "बोर्ड रोज वाचायचो. पण तेव्हा आपली सुटायची वेळ झालेली असायची."

मी त्या रात्री नीट झोपले नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तशी दोघांची पिशवी भरली. भाऊ म्हणाला, टॅक्सी करून देतो, या वयात बस कशाला. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जाईन तर गाडीनंच." गाडी म्हणजे त्यांच्या लेखी बस. बाकी सगळी वाहनं.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी. आप्पांना शहात्तर चालू आहे, म्हणजे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत एसटीचा प्रवास फुकट, आणि मला महिला सन्मानचं अर्धं तिकीट. पण दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. वाहकानं दोघांची दोन-दोन तिकिटं काढून दिली, हद्दीच्या अलीकडचं एक, पलीकडचं एक. आप्पांनी चारही तिकिटं उलटसुलट करून पाहिली, रक्कम मनात मिळवली आणि मग मान डोलावली. त्या पोराला कळलं असावं. "आजोबा, खात्यातले का?" त्यानं विचारलं. पुढे आंबोलीपर्यंत दोघांचं काय बोलणं चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही, ते डेपोचं बोलणं आहे.

पत्रादेवीला गाडी गोव्यात शिरते. १५ ऑगस्ट १९५५ ला याच हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या, त्यांचं हुतात्मा स्मारक इथे आहे. आप्पा दर वेळी इथे टोपी काढायचे म्हणे. आज टोपी नव्हती, त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला.

म्हापसा मागे पडलं, पर्वरी मागे पडली आणि मांडवी दिसली तसे ते खिडकीकडे सरकले. मांडवीवर आता तीन पूल आहेत, त्यातला सगळ्यात उंच अटल सेतू २०१९ सालचा. आप्पांना आठवत होता तो पहिला पूल, जो ५ जुलै १९८६ ला कोसळला. "त्यानंतर आमची गाडी बेतीलाच थांबायची. प्रवासी बोचकी घेऊन फेरीबोटीनं पलीकडे. पावसाचे दिवस, नदी ही एवढी फुगलेली. एका बाईचं ट्रंकेचं ओझं मी डोक्यावर घेऊन बोटीत ठेवलं होतं." हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी चाळिशी ओलांडलेली मुलगी, आणि वडिलांची एक अख्खी नदी मला माहीत नव्हती.

स्टँडच्या जवळच एका साध्या लॉजमध्ये उतरलो. जेवण झाल्यावर आप्पा म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो. मी गॅलरीतून पाहत होते. ते सरळ स्टँडवर गेले. मुक्कामाला लागलेल्या गाड्यांच्या रांगेपाशी हात मागे बांधून बराच वेळ उभे होते.

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी सातला फलाटावर, गोव्याच्या सरकारी गाड्यांपाशी. त्यांचं नाव कदंब. "कदंब म्हणजे आपलं ते कृष्णाचं झाड का?" आप्पांनी विचारलं. इतकी वर्षं त्या गाड्यांशेजारी गाडी लावली, पण नावाचा उलगडा कोणी केला नव्हता. मी सांगितलं, कदंब हे गोव्यावर राज्य केलेलं राजघराणं, पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं. महामंडळ १९८० साली निघालं आणि त्या घराण्याचं नाव घेतलं. "म्हणजे मी एसटीत सहा वर्षं काढल्यावर," ते म्हणाले. त्यांच्या काळाची मोजणी अशीच असते.

इथे एक गोष्ट जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. फोंड्याला शटलही जाते, पण शटल मधे थांबत नाही. मंगेशीला उतरायचं असेल तर थांबे घेत जाणारी लोकल गाडीच धरायची. आम्ही रायबंदरवरून जाणारी धरली. पणजी सोडली की गाडी एका लांबलचक बांधावर चढते, पोंत द लिन्यारिश त्याचं नाव, १६३० च्या दशकातलं काम, जवळजवळ तीन किलोमीटर लांब. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. त्या काळी राजधानी जुन्या गोव्यात होती. पणजीला ती १८४३ साली आली. चारशे वर्षांपूर्वी पालख्या आणि बैलांसाठी घातलेल्या बांधावरून आज भरलेली बस जाते आणि बांध हूं का चूं करत नाही. आप्पा चाकाखालच्या आवाजाकडे लक्ष देत होते. "भराव चांगला आहे," म्हणाले.

गाडीत कोण कोण होतं ते सांगायला हवं. नोकरीला निघालेल्या दोन नर्सबाई, मराठी पेपर चौघडी करून वाचणारे एक काका, पणजीत मासे विकून रिकाम्या टोपल्यांसह घरी परतणाऱ्या दोघी, आणि बाणस्तारीच्या बाजाराला निघालेल्या बायका. गुरुवार म्हणजे बाणस्तारीचा बाजार. वाहक "खंय?" एवढंच विचारत येत होता. आप्पांनी "मंगेशी, दोन" म्हणून नेमके सुटे पैसे हातावर ठेवले. वाहक क्षणभर थबकला. सकाळच्या पहिल्या फेरीत सुटे देणारा प्रवासी म्हणजे काय, हे आप्पांना ठाऊक होतं आणि त्यालाही.

जुन्या गोव्याला गाडी थोडी रिकामी झाली. बॉम जीझस आणि से कॅथेड्रल खिडकीतून पाहिली. उतरलो नाही, याची थोडी रुखरुख लागली, पण शहात्तर वर्षांच्या माणसाला एका दिवसात किती चालवायचं? बाणस्तारीला मात्र गाडी बराच वेळ थांबली. मे महिना म्हणजे पुरुमेंताचे दिवस, पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. रस्त्याकडेला सुक्या मासळीचे ढीग, मिरच्या, आमसुलं, चिंच, खडेमीठ, मानकुराद आंबे. बाजार करून फोंड्याकडे निघालेल्या एका बाईनं चढताना सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, पिशवी आप्पांच्या पायाशी ठेवली आणि "बघा हां जरा" म्हणून निर्धास्तपणे मागे जाऊन बसली. त्यांनी ती पिशवी दोन्ही पायांत घट्ट धरली. आमचा उतरायचा थांबा आला तेव्हा तिला हाक मारून, तिच्या हाती देऊन मगच ते उठले.

मंगेशीच्या थांब्यापासून देवळापर्यंतची वाट थोडीच आहे, पण ऊन तापायला लागलं होतं. अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, विकणाऱ्या बायका ओळीनं बसल्या होत्या. देऊळ पांढरं, सात मजली दीपस्तंभ पांढरा, समोर तळी. देशावरच्या माणसाला हे रूप पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतं. घुमट आहे, कठडे आहेत, खिडक्यांच्या कमानी चर्चसारख्या वाटतात, आणि आत गाभाऱ्यात आपलं शिवलिंग. आप्पा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी मंडपात बसले होते. शेजारी एक गृहस्थ नातवाला सांगत होते की दीनानाथ याच गावचे, १९०० साली इथेच जन्मले आणि गावावरून मंगेशकर झाले. नातू विचारत होता, "म्हणजे लता मंगेशकरपण इथल्या?" आजोबांना उत्तर द्यायला इतका आनंद झाला होता की त्यांचा आवाज साऱ्या मंडपात पोचला.

पुजाऱ्यांशी बोलताना आप्पांनी विचारलं, देऊळ कधीचं? तेव्हा त्यांना कळलं की देव मुळात इथला नाही. मंगेश कुशस्थळीचा. कुशस्थळी म्हणजे आजची कुठ्ठाळी, जुवारी नदीकाठची. १५४३ साली तो सगळा भाग, गोव्यातली साष्टी, पोर्तुगीजांकडे गेला, मग देवळं पाडायला सुरुवात झाली, आणि १५६० साली भक्तांनी लिंग उचलून नदीपार इथे, प्रियोळला आणलं. फोंड्याचा हा मुलूख, अंत्रुज, तेव्हा आदिलशाहीत होता. मुसलमान सुलतानाच्या राज्यात देव सुरक्षित राहिले. पोर्तुगीजांकडे हा भाग आला तो दोनशे वर्षांनी, नव्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात, आणि तोवर देवळं पाडायचा तो आवेश ओसरला होता.

आप्पा हे ऐकून गप्प झाले. पायऱ्या उतरताना म्हणाले, "म्हणजे हा पण मुक्कामालाच आला आणि राहिला."

मर्दोळ तिथून पुढचाच थांबा. म्हाळसेचं देऊळ. आमच्याकडे म्हाळसा म्हणजे खंडोबाची, जेजुरीची. इथली म्हाळसा नारायणी, विष्णूचं मोहिनीरूप. आप्पांच्या आईचं माहेर जेजुरीकडचं, त्यामुळे त्यांना हा फरक पटवून घ्यायला वेळ लागला. देवळापुढे पितळेची प्रचंड समई आहे, कासवाच्या पाठीवर उभी, एकवीस थरांची. हात लावून पाहिला तर सावलीतल्या बाजूनं गार आणि उन्हातल्या बाजूनं भाजत होती. हीसुद्धा देवी मूळची इथली नाही, वेर्ण्याची. वेर्ण्यात जिथे देऊळ होतं त्या जागेचं नाव म्हार्दोळ. देवी इकडे आली आणि येताना गावाचं नावही घेऊन आली.

फोंड्याला पोचलो तेव्हा साडेअकरा. स्टँडजवळ पातळ भाजी आणि पाव, वर एक मिरची भजी. गोव्यातली पातळ भाजी मला आपल्या कोल्हापूरच्या कटापेक्षाही भावली, हे गावाकडे कोणाला सांगू नये. नारळाच्या रसातले वाटाणे, पावाला लागेल एवढीच तिखट. आप्पांनी दोन प्लेट खाल्ल्या.

कवळे फोंड्यापासून जवळच. छोटी खासगी मिनीबस, आत बारा जणांची जागा नसताना वीस जण, आणि दारात लोंबकळणारा वाहक "फाटीं सर, फाटीं सर" म्हणत प्रत्येकाला आणखी एक वीत मागे ढकलणारा. समोर काचेवर "श्री शांतादुर्गा प्रसन्न". इथे घंटीची दोरी नाही. वाहक पत्र्यावर तळहात मारतो, एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. आप्पांनी ते लगेच टिपलं. "एक-दोनची भाषा तीच आहे," ते मला म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद मला चांगलाच कळला.

शांतादुर्गा शिव आणि विष्णू यांच्यातलं भांडण मिटवणारी. दोन हातांत दोन नाग धरलेली, एक शिव, एक विष्णू. आजचं देऊळ अठराव्या शतकातलं, शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांनी पुढाकार घेऊन बांधवलेलं. तेव्हा साताऱ्याच्या गादीचा हात इथवर पोचला होता, हे वाचून आम्हा दोघांनाही बरं वाटलं. आणि ही देवी केळशीची. केळशीही तिकडलंच, कुठ्ठाळीच्या शेजारचं साष्टीतलं गाव. तीन देवळं, तिघांचंही घर नदीपलीकडे. मी आप्पांना म्हटलं, संध्याकाळी मडगावहून पणजीला परत जाताना आपली गाडी त्याच बाजूनं जाणार आहे. ते म्हणाले, "मग खिडकी माझी."

परतीला मात्र घोळ झाला. दुपारी दीडच्या उन्हात आम्ही कवळ्याच्या थांब्यावर उभे. उतरताना वाहक म्हणाला होता, दर वीस मिनिटांनी बस आहे. वीसची चाळीस झाली, पन्नास झाली. सावली म्हणजे एका भिंतीची, वीतभर. आप्पा छत्री उघडून उभे होते आणि अचानक त्यांनी छत्री खाली घेतली, माझा दंड धरला. चेहरा पांढरा फटक. मी त्यांना जमिनीवरच बसवलं. माझ्या हातापायातलं बळ गेलं. बाटलीतलं पाणी संपत आलेलं, आणि मनात एकच, भावाचं ऐकायला हवं होतं, टॅक्सी करायला हवी होती.

पलीकडच्या घरातून एक आज्जी आली. काही विचारलं नाही. आप्पांची चप्पल काढली, तळपायाला ओला पंचा लावला, आणि तांब्यात कोकमाचं पाणी आणलं, मीठ जास्त, साखर कमी, जिऱ्याची पूड. घोट घोट प्यायला लावलं. दहा मिनिटांत त्यांच्या गालावर रंग आला. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली, "देव बरें करूं म्हणा, झालं." गोव्यात आभार असेच मानतात, देव भलं करो. आप्पांनी ते तीनदा म्हटलं. मग तिच्याच ओसरीत अर्धा तास पडून राहिले. तिनं आम्हाला फणसाचे गरे दिले. बस आली ती सव्वातीनला, आणि आज्जीनंच हात करून थांबवली.

मी म्हटलं, आता रिक्षा करू, थेट लॉजवर जाऊ. आप्पा म्हणाले, "मडगाव राहिलंय."

फोंडा-मडगाव गाडी खासगी होती, मोठी, बरी रिकामी. बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडली. खाली नदी रुंद, संथ, दोन्ही काठांना माडांची रांग. मध्येच वाहक आला. विशी-बावीशीचा पोरगा. नोटा लांबट दुमडून बोटांच्या बेचक्यात धरलेल्या, दहाच्या एका बेचक्यात, वीसच्या दुसऱ्या, पन्नासच्या तिसऱ्या. शंभराची नोट आली की करंगळीपाशी जायची. तो न पाहता सुटे परत द्यायचा, आणि एकदाही चुकला नाही. आप्पा त्याच्या हाताकडे असे बघत होते जसं एखादा जुना पखवाजिया नव्या पोराच्या बोटांकडे बघतो. त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी अजून घट्टा आहे, तिकीट पंचानं पाडलेला. पूर्वी वाहकाच्या हातात पंच असायचा, गर्दीत तो टिकटिक वाजवत यायचा आणि डुलक्या घेणारे जागे व्हायचे. बगलेत चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे, रंगीत कागदांच्या गड्ड्या.

पैसे दिले. पोरगा पुढे निघाला. आप्पा म्हणाले, "बाळा, तिकीट?"

"आजोबा, इथं कोणी मागत नाही."

"मी मागतो ना."

त्याच्याकडे तिकिटं नव्हतीच. तो ओशाळला. आप्पांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं. तिकीट म्हणजे पैशाची पावती एवढंच नसतं. उद्या गाडीला काही झालं, तर हा माणूस गाडीत होता हे सांगणारा कागद तोच. आमच्या एसटीत तिकिटातच अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया घेतात. कागद नसेल तर जखमी माणसाच्या बायकोनं कुठे कुठे आणि काय दाखवायचं? पोरगा मान खाली घालून ऐकत होता. त्याला ते रागावणं वाटलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाला, मालकाला सांगतो. उतरताना त्यानं आप्पांचा हात धरून पायरीवरून खाली घेतलं.

मडगावच्या स्टँडवर पणजी शटलची रांग. हा प्रकार मला फार आवडला. खिडकीवर तिकीट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, गाडी आली की एकेकानं चढायचं, जितक्या जागा तितकीच माणसं. कोणी धक्का देत नाही, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत नाही. गाडी भरली की दार लागतं आणि ती थेट पणजीला थांबते. आमच्याकडे निदान दोन मोठ्या शहरांमध्ये तरी हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. पुणे-कोल्हापूरच्या गाडीत चढताना माणसं जी चेंगरतात, त्यात म्हातारी माणसं मागे राहतात. रांग असली की त्यांनाही जागा मिळते.

आप्पांना मात्र काही वेगळंच दिसलं. गाडी निघाली आणि त्यांनी मागे-पुढे पाहिलं. "वाहक?"

शटलमध्ये वाहक नसतो. तिकिटं खाली खिडकीवरच झालेली, मधे थांबे नाहीत, मग वाहकाचं काम काय? मी हे समजावून सांगत होते आणि सांगता सांगता मलाच बोलवेना. ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी खिडकीची काच सरकवली.

नुवें गेलं. मग चढ चढून वेर्ण्याचं पठार आलं, उन्हानं पिवळं पडलेलं गवत, कारखान्यांच्या पाट्या. "हे वेर्णा," मी सांगितलं. सकाळी ज्या म्हाळसेपुढे उभे राहिलो तिचं गाव. जुन्या जागी आता पुन्हा देऊळ बांधलंय, पण ते रस्त्यावरून दिसलं नाही. गाडी थांबली नाही. पुढे केळशीकडे जाणारा फाटा. शांतादुर्गेचं गाव. गाडी थांबली नाही. मग उतार, नदीचा वारा, कुठ्ठाळी. मंगेशाचं गाव. कुठ्ठाळीवरून नव्या जुवारी पुलावर चढलो. उंच मनोरे आणि त्यांना धरलेल्या पोलादी दोऱ्या, २०२२ आणि २०२३ च्या डिसेंबरात एकेक बाजू सुरू झालेला, मनोहर पर्रीकरांच्या नावाचा. शेजारीच १९८३ सालचा जुना पूल. खाली सूर्य मावळतीला आणि अख्खी नदी तांब्याची.

चारशे पासष्ट वर्षांपूर्वी इथून माणसं देव उराशी धरून होडीत बसली होती. अंधारात, आवाज न करता, असं सांगतात. मागे घर, शेत, बाग सगळं सोडून. आप्पा पुलावर असताना खिडकीतून मागे वळून कुठ्ठाळीकडे बघत राहिले. हात जोडले. समोरच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीनं कानातला इअरफोन काढून विचारलं, "आजोबा, इथे देऊळ आहे?" ते म्हणाले, "होतं. आता मंगेशीला आहे. आम्ही सकाळी जाऊन आलो, बरं आहे तिथे."

पूल उतरला की आगशी आणि मग गोवा वेल्हा. मी म्हटलं, आप्पा, सकाळी कदंब कोण विचारलं होतंत ना, त्यांची राजधानी इथे होती. गोपकपट्टण. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीनं चांदोरहून राजधानी इथे, जुवारीच्या काठी आणली. मोठं बंदर होतं, दूरदूरची गलबतं लागायची. आता माड, शेतं, एक-दोन चर्च आणि हा हमरस्ता. "आणि राजाच्या नावाची गाडी," आप्पा म्हणाले.

पणजीला सगळे उतरले. मी खाली उभी राहून वाट पाहते आहे, आप्पा येईनात. वर चढून पाहिलं तर ते शेवटच्या बाकापासून पुढे येत होते, वाकून एकेक सीटखाली बघत. गाडी मुक्कामाला लावायच्या आधी वाहक असंच बघतो, कोणाचं काही राहिलंय का. उजवीकडच्या चौथ्या बाकाखाली त्यांना लहान मुलाचा एक सँडल सापडला, निळा, बक्कल तुटलेला. चालक आधीच खाली उतरला होता. आप्पांनी तो सँडल वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत नेऊन दिला आणि कुठली गाडी, कुठला बाक, किती वाजता ते नीट लिहून घ्यायला लावलं.

तिसरा दिवस, शुक्रवार

परतीची एसटी सकाळचीच. म्हापशाला गाडी थांबली तेव्हा शुक्रवारचा बाजार नुकताच उलगडत होता, मी धावत जाऊन डझनभर मानकुराद आणि माडाच्या गुळाची ढेप आणली. आंबे महाग पडले. घरी सगळ्यांना एकेक येईल एवढे होते.

पत्रादेवीच्या अलीकडेच वाहक तिकिटं काढायला आला. हद्दीपर्यंतचे पैसे दिले. पुढचं म्हणाला, "आजोबा, तुम्हाला इथून फुकट. कार्ड दाखवलंत, झालं."

"तिकीट काढ," आप्पा म्हणाले. "शून्याचं का असेना."

मशीनमधून चिठोरी आली. आप्पांनी ती खिशातल्या बाकीच्या तिकिटांत ठेवली आणि सगळी मांडीवर काढून तारखेनं, वेळेनं लावली. येतानाची दोन, मंगेशीचं, मर्दोळचं, फोंड्याचं, शटलचं, आजची दोन. कवळ्याच्या मिनीबसनंही दोन्ही वेळा तिकीट दिलं होतं, तीही होती. मग त्यांनी पुन्हा एकदा मोजली आणि टॉवेलनं कपाळ पुसत म्हणाले,

"मडगावचं तेवढं राहिलं."